अधिक महिन्यातले दोन ग्राइंडर

हत्यार निवडताना माणसानं स्वतःशी पूर्ण प्रामाणिक असावं, असं मी तीस वर्षं टूलरूममध्ये नव्या लोकांना सांगत आलो. सांगताना आवाज आपोआप खाली यायचा. त्या तीस वर्षांत सगळी हत्यारं कंपनीच्या स्टोअरमधून यायची आणि निवड करायची वेळ माझ्यावर एकदाही आली नव्हती, एवढं मात्र मी सांगत नसे.

शेंद्र्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर गारखेड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत मी अक्षरं कोरायचं एक जुनं मशीन बसवलं. पितळी पाट्या, शिक्के, ट्रॉफीवरची नावं, असं काम. वर्षभरानं माझ्या साडूंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, माझं बघून तसंच मशीन घेतलं. घेतलं याला माझी हरकत नव्हती. त्यांची अक्षरं माझ्यापेक्षा चांगली यायला लागली, याला होती.

कोरायचा कटर म्हणजे पेन्सिलीहून बारीक सळई. तिचं टोक बरोबर अर्धं घासून काढायचं, मग त्या अर्ध्याला कोन द्यायचा आणि पाठ धातूला घासू नये म्हणून तिला जराशी सूट. केसभर कमीजास्त झालं की अक्षराच्या कडा फाटतात. साडू हे सगळं हातानं करायचे. साधा दगड, डोळ्याला भिंग, बास. मला ते जमत नव्हतं. कंपनीत धार लावायला वेगळा माणूस होता.

अत्तरवाल्या एका जुन्या गिऱ्हाइकानं दुकानासाठी मराठी आणि उर्दू अशी जोडपाटी माझ्याकडून करून घेतली. ती हातात धरून ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अच्छा है साहब. मगर आपके साडूसाहब का नुक्ता देखे क्या? उनो ऐसा काटते की उंगली को चुभता."

मी म्हणालो, बघितलंय. त्यानंतर बरेच दिवस मला जेवताना भाताच्या शितांतही उर्दू अक्षरांवरचे ते ठिपके, नुक्ते, दिसत होते.

म्हणून मी ग्राइंडरचा अभ्यास सुरू केला. मला हवा होता तो कॉलेटवाला. त्यात कटर कॉलेटमध्ये, म्हणजे चिरा पाडलेल्या पकडनळीत, घट्ट बसतो, कोन आकड्यांवर लावता येतो आणि वाटीसारखं हिऱ्याचं चाक हळूहळू घासत जातं. हाताला कसब असावं लागत नाही. हाच त्याचा मोठा गुण. सहा महिने मी त्याचे व्हिडिओ बघितले.

तेवढ्यात अधिक महिना आला. सासऱ्यांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं आणि आधी मला एकट्याला घरी बोलावून घेतलं. "बापू, चांदीचं निरांजन मागच्या खेपेला झालं. यंदा तुमच्या दोघांच्या कामाचं काहीतरी देऊ. ते धारेचं मशीन म्हणता ना तुम्ही, ते."

"मामा, वाण सच्छिद्र लागतं," मी उगाच म्हणालो.

"चाकाला मधी भोक असतंय की. अन् तेहतीस अनारसे हायेतच वर. तुम्ही जाणकार. एक पसंत करा, दोन आणू. दोघांना सारखं. भारी असलं तरी चालतंय."

दोघांना सारखं. मी घरी येईपर्यंत हिशेब मांडत होतो. कॉलेटवाला मिळाला तर माझी धार साडूंच्या आजच्या धारेएवढी होणार. पण साडूंच्या त्या हाताला कॉलेटवाला मिळाला तर ते कुठे जाऊन बसतील, याचा विचार करवत नव्हता. अत्तरवाले मला तेही येऊन सांगणार, हे नक्की होतं.

दुसऱ्या दिवशी मी क्रांती चौकापुढच्या मशिनरीच्या दुकानात गेलो. कॉलेटवाला काउंटरवरच होता. त्याची कोनाच्या आकड्यांची चकती मी दोनदा फिरवून बघितली. मग कोपऱ्यातल्या साध्या, दोन दगडांच्या ग्राइंडरकडे बोट केलं आणि दोन सांगितले.

दुकानदार म्हणाला, "काका, कोरायच्या कटरला हे? याच्यावर लोकं विळे घासतेत."

"मजबूत आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनाही मी तेच सांगितलं. नाजूक वस्तू घरात टिकत नाहीत, वगैरे. धोंड्याच्या पंगतीत ते सासूबाईंना म्हणाले, "बघा, भारीतलं घ्या म्हणलो तरी घेतलं नाय. लई सरळ माणूस." सासूबाईंनी मला पुरणाचा आणखी एक धोंडा वाढला.

जेवण झाल्यावर पाटावर दोन खोकी, हळदकुंकू लावून, वर अनारशांची ताटं. साडूंनी खोकं उघडलं आणि माझ्याकडे इतक्या प्रेमानं बघितलं की मला ठसका लागला. "हे लई बेस केलं तुम्ही. मला धास्ती होती, तुम्ही ते आकड्यावालं घ्याल. ते आपल्याला कुठं जमणार? आपला सगळा हातचा अंदाज. हे म्हणजे नेमकं माझ्यासाठीच घेतल्यावाणी झालं."

परत येताना खोकं मांडीवर धरून बसलेली बायको म्हणाली, "तुम्हाला तर दुसरं पाहिजे होतं ना?"

"हे मजबूत आहे."

"व्हय," ती म्हणाली. "वजनावरून कळतंय."

पहिल्याच संध्याकाळी मी तीन कटर त्यावर घासले. पहिला अर्ध्याच्या पार पलीकडे गेला. दुसऱ्याचं टोक तापून निळं पडलं. तिसऱ्यानं 'श्री' कोरून बघितला, तर तो कुणीतरी चमच्यानं उकरल्यासारखा आला. त्याच आठवड्यात साडूंनी आपल्या ग्राइंडरवर धार लावून तांदळाएवढं एक उर्दू नाव कोरलं आणि फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "तुमची पसंती." मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मी दुसरा, कॉलेटवाला, स्वतः जाऊन आणू शकलो असतो. पण मग सासऱ्यांना सांगावं लागलं असतं की पहिला का आणला. दोनदा दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन आलो. इकडे गणपतीच्या ट्रॉफ्यांची कामं येऊन पडली होती आणि धारेचा एकही कटर शिल्लक नव्हता.

आता दर दुसऱ्या रविवारी मी माझे आठ कटर डबीत घालून साडूंकडे नेतो. त्यांना चाळीस मिनिटं लागतात. तोवर मी चहा पितो.