हिरवं लुगडं आणि माझं मत

माझं मत चोरलं गेलं ते माझ्याच हिरव्या लुगड्यात. अन् लुगडं मीच काढून दिलं होतं.

सिहोऱ्याजवळच्या एका गावात माझं सासर. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सुनांचा पदर हनुवटीपर्यंत, त्यामुळं लग्नाला दोन वर्षं झाली तरी गावानं माझं तोंड पाहिलं नव्हतं. मला ओळखायचे ते लुगड्यावरून. ग्रामपंचायतीची निवडणूक आली, चुलत सासरे उभे राहिले. माझं पहिलंच मत. आदल्या दिवशी जेवताना सासऱ्यांनी कोणत्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगितलं. मी पदराआडून म्हटलं, "मामाजी, मी माह्या मनानं मारीन." ते ताटावरून उठले.

सकाळी मोठी जाऊ म्हणाली, "तुह्यं हिरवं लुगडं दे आजच्यापुरतं." मी भोळी, दिलं. कामं आटोपून मत द्यायला शाळेत गेले, तर मतदानाचे साहेब यादीवर बोट ठेवून म्हणाले, "या नावाचं मत पडलं आहे." बाजूच्या बाकावर उमेदवाराचा माणूस म्हणून सासरेच बसलेले. वर न बघता म्हणाले, "आमची ते सून येऊन गेली. हिरव्या लुगड्यात."

तेव्हा सगळं कळलं. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, अन् यादीत तर तेच तिच्या नावापुढं. साहेबांनी विचारलं की घरचा माणूस नाव सांगायचा, अन् पदराखालची कोणतीही बाई त्याची सून व्हायची. इतकं सोपं. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

मी पदर मागं टाकला. डाव्या हाताचं बोट पुढं धरलं, शाईचा ठिपकाही नव्हता. सासऱ्यांकडं बघत नवऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट, दारातल्या रांगेला ऐकू जाईल असं. "आता मले नीट पाहून घ्या. लुगडं कोनीबी नेसंल, तोंड माह्यं हाय."

साहेबांनी वेगळी मतपत्रिका दिली अन् शिक्का मारल्यावर वेगळ्या पाकिटात ठेवली. असली मतं मोजत नाहीत, हे पुष्कळ दिवसांनी समजलं. नाही तर नाही. शिक्का माझा होता.

घरात महिनाभर माझ्याशी अबोला. जाऊ अंगणात बोटावरची शाई राखेनं घासायची. माझ्या नावाची शाई लागल्यावर तिला स्वतःचं मत देताच आलं नव्हतं. मी लुगडं परत घेतलं, धुतलं अन् दुसऱ्याच दिवशी नेसले.

पुढच्या निवडणुकीला उघड्या तोंडानं रांगेत पहिली मी. मागं जाऊ, पदर हनुवटीपर्यंत. साहेबांनी तिचं नाव विचारलं, बाकावरच्या सासऱ्यांनी सवयीनं तोंड उघडलं.

"राहू द्या मामाजी," ती पदराआतून म्हणाली, "माह्यं मी सांगीन." अन् तिनं दोन्ही नावं सांगितली, स्वतःचं अन् नवऱ्याचं.