नटीच्या टेबलावरचा करंडा

ती घटना आजही मनातून जात नाही, आणि कागदोपत्री पाहिलं तर ती कधी घडलीच नाही. चोरी झाली, फिर्याद झाली, एका बाईला आम्ही ठाण्यात आणलं, चोरीचा माल हाती आला, आणि तरी शेवटी शेरा पडला तो ‘गैरसमजुतीने दिलेली फिर्याद’ असा. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. लोक मला त्याच गोष्टी विचारतात. मला मात्र हा एक करंडा सांगावासा वाटतो. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण त्यातली काही माणसं अजून हयात असतील.

मराठवाडा हैदराबादेतून निघून नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. मी मानवतला फौजदार होतो. राज्य बदललं तरी निजामाच्या वेळेपासून फौजदाराला म्हणायचं ते ‘अमीनसाहेब’ लोकांच्या तोंडून गेलं नव्हतं आणि आमच्या जमादारांच्या हातातली उर्दूही गेली नव्हती. रोजनामचा मराठीत लिहायचा हुकूम आल्यापासून ते कागदाच्या उजव्या कडेला लेखणी टेकवत, मग भानावर येऊन डावीकडे जात, आणि माझ्याकडे असं बघत की जणू हा उद्योग मीच काढला आहे.

त्या हंगामात गावातल्या शाळेच्या इमारतीसाठी नाटकाचे दोन खेळ ठरले. मुख्य नटी पुण्या-मुंबईकडची, सिनेमात कामं केलेली. तिचा फोटो पानाच्या दुकानातल्या आरशाला चिकटवलेला मी रोज बघत होतो. गावात उतरायला धड जागा नव्हती, म्हणून कापसाच्या जिनिंगच्या एका मालकांनी तिची सोय आपल्या घरी केली. तिच्या खोलीत त्यांनी मोठ्या आरशाचं टेबल मांडलं. नटीने त्यावर आपलं सगळं सामान लावून ठेवलं. पावडरीचे डबे, क्रीमच्या बरण्या, ओठांच्या कांड्या, नखांचा रंग, काजळाची डबी, अत्तराच्या कुप्या, रबरी फुग्याची सेंटची बाटली, चांदीच्या मुठीचा हातआरसा. ही बातमी गावात पसरली आणि बायकांची रीघ लागली. खेळाला तिकीट होतं, टेबलाला नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईने सेंटचा फुगा दाबला आणि फवारा थेट स्वतःच्या डोळ्यात घेतला. तिच्या अंगाला म्हणे चार घरं ओलांडून वास येत होता.

याच टेबलावर एक चांदीचा करंडा होता. खालच्या खणात मेण, वरच्यात कुंकू. नाटकातली तिची भूमिका जुन्या काळातल्या सरदारपत्नीची होती, तेव्हा मेणावर लावलेलं ठसठशीत कुंकू लागायचं. दुसऱ्या खेळाच्या दिवशी दुपारी तो करंडा नाहीसा झाला.

खेळ काही अडला नाही. मालकीणबाईंनी लगेच आपल्या देवघरातलं कुंकू पाठवलं. नटी म्हणत होती, जाऊ द्या, पोलिसांत कशाला जायचं. पण मालकांना ते सोसेना. ते ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“अमीनसाहेब, पावण्याची वस्तू माह्या घरातून जाती म्हंजे काय? उद्या मुंबईला जाऊन ती बाई सांगंल की मानवतला चोर राहतेत. तुमी फिर्याद घ्या. चोर कुणी का असंना, मला इज्जतीपुढं काई न्हाई.”

फिर्याद घेतली. राहत्या घरातली चोरी, कलम तीनशे ऐंशी. जागेचा पंचनामा केला. त्याच संध्याकाळी खबर आली. आमचा खबऱ्या न्हावी होता. गावाच्या हनुवट्या त्याच्या हातात, त्यामुळे माणसं त्याच्यापाशी बोलायची. मालकांच्या घरची मोलकरीण दुपारी सोनाराच्या दुकानात शिरताना त्याने पाहिली होती. चांदीचा करंडा आणि सोनाराचं दुकान, एवढं जुळल्यावर कुठल्याही ठाण्यात जे होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी आटोपली आणि मोलकरणीला बोलावणं गेलं.

बाई तिशीतली असेल, अंगाने काटक. बाईमाणसाला दिवस मावळल्यावर ठाण्यात ठेवायचं नाही हा माझा नियम होता आणि चौकशीच्या वेळी जमादारांची बायको शेजारी बसायची. मोलकरीण आली, पदर सारखा केला आणि उभी राहिली. रडणं नाही, पाया पडणं नाही. एक सांगतो, चोरी केलेलं माणूस ठाण्यात आल्यावर आधी दाराकडे बघतं. ही बाई माझ्याकडे बघत होती. मला हे तेव्हाच खटकलं होतं.

“सोनाराकडे कशाला गेली होतीस?” मी विचारलं.

“जोडवं चिरलं व्हतं. सांधायला टाकलंय. जाऊन इचारा.”

शिपाई पाठवून विचारलं. जोडवं खरोखरच तिथे होतं. जमादारांना मात्र हाती आलेला माणूस सोडवत नसे. त्यांनी आवाज चढवला, “जोडव्याचा बहाणा सांगू नको. करंडा कुठं दडवला ते बोल.”

तेव्हा ती चिडली. “कुंकवाचा करंडा म्या कामून चोरू, जमादार? माह्या कपाळाला हायच की. अन् सरलं तर शेजारीण देती. कुंकवाला कुणी न्हाई म्हणतं का? जिला मागता येत न्हाई तिनंच...”

आणि ती थांबली.

इतक्या वेळात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आपण काय बोलून गेलो हे तिला कळलं होतं. माझ्याकडे बघून मलाही कळलं असावं असं तिला वाटलं असेल. ती घाईघाईने म्हणाली, “सायब, म्याच घेतला. लिवा तुमी. म्याच चोर हाय.”

“कुठं आहे मग?”

“हिरीत टाकला. भ्याले अन् टाकला.”

जमादारांनी खुशीत कागद ओढला, तोही उजवीकडून. मी त्यांचा हात धरला. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते हे तर आहेच. पण बेगुनाही सिद्ध झाल्यावर गुन्हा कबूल करणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

तिला जमादारांच्या घरी बसवलं आणि मी व्हरांड्यात फेऱ्या घालू लागलो. आमच्याकडे कुंकू ही विकत घेऊन जपायची चीज आहे, पण मागायला लाजायची नाही. दारात आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. मालकीणबाईंनी नटीला ते चटकन पाठवलं, तसं कुणीही कुणालाही दिलं असतं. आणि टेबलावर हातआरशाची मूठ करंड्यापेक्षा जड चांदीची होती. ती तशीच राहिली होती. म्हणजे चोराला चांदी नको होती. कुंकू हवं होतं, आणि ते जगात कुणाकडेही मागता येत नव्हतं.

मालकांची धाकटी सून विधवा होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा विषमज्वराने गेला. वीस-एकवीस वर्षांची पोर. पाहुण्यांपुढे तिला आणत नसत, पंचनाम्याच्या वेळीही ती आम्हाला दिसली नव्हती.

जागेची पुन्हा पाहणी करायची आहे असं सांगून मी मालकांच्या घरी गेलो. जमादारांनी मालकांना ओसरीवर कापसाच्या भावात गुंतवलं. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नटीला मी मोजक्या शब्दांत सगळं सांगितलं. ती खुर्चीवरून उठली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, “पडद्याआड उभी असायची. मी म्हटलं, आत ये. तर म्हणाली, मी न्हाई येत, मला चालत न्हाई. मला वाटलं, लाजते आहे.”

साड्यांच्या घड्या घालायला म्हणून नटीने तिला बोलावून घेतलं. मला बघताच ती समजली. काही विचारावं लागलं नाही. परत गेली आणि पदराआड करंडा घेऊन आली. तो टेबलावर ठेवताना समोरच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला, तेव्हा तिने मान फिरवली.

“एकडावच लावलं,” ती म्हणाली. “माह्या खोलीत आरसा न्हाई. म्हणून कामाच्या बाईला इचारलं, बग बाई, कसं दिसतंय. ती म्हणली, लय शोभतंय. मंग पुसून टाकलं. तिचा काई दोस न्हाई, सायब. तिनं निसतं बगितलं. तिला सोडा अन् मला न्या.”

नटीचे डोळे भरून आले होते. तिने करंडा उचलून पुढे केला. “ठेव तुझ्याकडे. मी दिला.”

“ठिवू कुठं?” सून म्हणाली. तिने हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळून, जरा धीर करून म्हणाली, “मामंजीला सांगा, तिला कामावरून काढू नका म्हणावं. या घरात माह्याशी बोलायला ती एकलीच हाय.”

तिने माझ्यापाशी एवढंच मागितलं.

कायद्याने मी त्या मुलीला अटक करायला हवी होती. केली असती तर मालकांची इज्जत दुसऱ्याच दिवशी तिला बैलगाडीत घालून माहेरी पाठवून मोकळी झाली असती, आणि माहेरी तिला कुणी उंबरा ओलांडू दिला असता की नाही कोण जाणे. मी नटीकडे पाहिलं. ती नाटकातली बाई, तिला सूचना लागली नाही. करंडा आपल्याच ट्रंकेच्या तळाशी सापडला, नजरचुकीने राहून गेला होता, असा जबाब तिने दिला आणि मी लिहून घेतला. खोटा जबाब जाणूनबुजून मी तेवढाच घेतला. त्याची मला खंत नाही. खंत त्यानंतरची आहे.

मोलकरणीला सन्मानाने घरी पोचवलं. मालकांना जबाब वाचून दाखवला. त्यांनी नटीसमोर हात जोडले, चहा मागवला, सगळ्यांची चेष्टा-मस्करी झाली. मग मी म्हणालो, “त्या बाईवर उगाच आळ आला. तिला उद्यापासून कामावर घ्या.”

मालकांनी बशीतला चहा संपवला. “अमीनसाहेब, तिनं चोरी केली न्हाई हे मला मान्य हाय. पर ठाण्याची पायरी चढलेली बाई घरात कशी ठिवू? घरात लेकीसुना हायत.”

मी आवाज चढवून पाहिला, समजुतीने सांगून पाहिलं. ती निर्दोष आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे, असंही म्हणालो. ते माणूस वाईट नव्हतं. शाळेला पैसे देणारं, गड्यांना अडीअडचणीला धान्य देणारं. पण त्यांच्या लेखी निर्दोष असणं आणि ठाण्यात न जाणं या दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या. खरं काय ते सांगितल्याशिवाय माझ्यापाशी दुसरा मुद्दा उरत नव्हता, आणि तो मला वापरता येत नव्हता. मी टोपी घातली आणि निघालो. आतल्या दाराचा पडदा हलल्यासारखा वाटला, पण तिकडे बघायचं मी टाळलं.

नटी त्याच दिवशी रेल्वेने गेली. मोलकरीण पुढे मुलाबाळांसह सोनपेठकडे आपल्या भावाच्या गावी गेल्याचं न्हाव्याकडून कळलं. माझीही बदली झाली.

काही वर्षांनी सोनपेठच्या बाजारात बंदोबस्ताला गेलो असता भाजीच्या ओळीत ती दिसली. तिनेच मला आधी ओळखलं. खूप अवघडलो मी. तिने मात्र पोतं पसरून बसायला जागा केली, घरच्या सगळ्यांची चौकशी केली, आणि वांगी घ्या म्हणून आग्रह धरला. उठताना मी विचारलं, धाकट्या सुनेकडे पुन्हा कधी गेली होतीस का.

“गेलते की एकडाव, गेल्या साली,” ती म्हणाली. “परसदारी. दार नव्या बाईनं उघडलं. वैनी आतूनच म्हणल्या, कोण हाय? म्या म्हणलं, मी हाय, वैनी. पावलं दारापातुर आली अन् थांबली. मला वाटलं, वळखलं न्हाई का काय. मंग दाराआडून हळूच म्हणल्या, जा बाई तू. इथं कुणी बगितलं तर तुलाच परत धरतेल.”

एवढं बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

नोकरीत मी कितीतरी निर्दोष माणसांना सोडलं आणि दर वेळी आपण न्याय केला असं समजून घरी जाऊन जेवलो. सोडणं सोपं असतं, एका सहीचं काम. पण जिथून आपण माणूस उचलतो, तिथली जागा त्याच्यासाठी कुणी राखून ठेवत नाही, आणि त्या जागी ते माणूस किती जणांना पुरत होतं हे पंचनाम्यात येत नाही. त्या घरातल्या मुलीला चोरी पचली, अब्रू वाचली, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून कसं दिसतंय ते सांगणारी एकुलती एक बाई आम्ही तिच्यापासून नेली. इतक्या वर्षांनीही तिला भीती होती ती सासऱ्याची नव्हे. जे धरतील असं ती म्हणाली, ते आम्हीच होतो.