दोन तास बाजरी, एक तास तूर

आमच्या कृषी कॉलेजात एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. ज्या गावाहून आलात तेच तुमचं नाव. मी नगर शहरातली म्हणून 'नगर' आणि माझी रूममेट श्रीगोंद्याकडची म्हणून 'काष्टी'. नव्वदच्या दशकात आम्ही मुली इतक्या थोड्या होतो की सगळ्या जणी मेसच्या एका टेबलावर मावायचो. तरी कोण कुणाशी बोललं ही बातमी आमच्याआधी हॉस्टेलवर पोचलेली असायची. मोबाईल नव्हते, आणि मेल्यांना त्यांची गरजही नव्हती.

जोड्यांसाठी कॅम्पसवर खास शब्द होता, आंतरपीक. एका पिकाच्या ओळींमध्ये दुसरं पीक घेतात ते आंतरपीक, हे पहिल्याच वर्षी शिकवायचे. बाकी अभ्यासाच्या नावानं शंख, पण हा शब्द मुलांनी बरोबर उचलला. "त्यांचं आंतरपीक चाललंय" असं कुणी म्हटलं की समजायचं, आता महिनाभर त्या मुलीला मेसमध्ये मान वर करून जेवता येणार नाही.

काष्टीचं आणि पारनेरकडच्या एका मुलाचं तसलं काहीतरी होतं. काहीतरी म्हणजे काय, तर दोघांचे प्रॅक्टिकलचे प्लॉट शेजारी होते. ती तापानं पडली तेव्हा त्यानं तिच्या प्लॉटला पाणी दिलं. मग हिनं त्याच्या प्लॉटची खुरपणी करून दिली. कँटीनवर कधीमधी चहा, तोही मला मध्ये बसवून. दोघंही तोंडातून शब्द काढायचे नाहीत आणि मी एकटीच येड्यासारखी बडबडत बसायचे. मला दोघांचाही राग यायचा. पण रूमवर आल्यावर तिचा चेहरा बघितला की राग कुठल्या कुठं जायचा. इतक्या आनंदात मी तिला एरवी बघितलं नव्हतं.

आनंद होता तशी भीतीही होती, आणि ती साधीसुधी नव्हती. तिच्या चुलत्यानं तिच्यासाठी स्थळ आणून ठेवलं होतं. पोरीला एवढं शिकवून काय करायचंय, हे तो घरात रोज म्हणायचा. तिचे वडील, आप्पा, एकटे तिच्या बाजूनं उभे राहिले होते. पण तिला कॉलेजात सोडताना त्यांनीही एक अट घातली होती. "शीक. पर तुझं नाव कुनाच्या तोंडी आलं का त्याच दिवशी पेटी उचलायची. मंग मला तुझ्या चुलत्याला तोंड देता यायचं न्हाई." ती पेटी तिच्या कॉटखालीच असायची. झाडू मारताना ती सरकवायची वेळ आली की ती मला म्हणायची, "तूच सरकव."

त्या वर्षी गॅदरिंग आणि शिवार फेरी एकाच दिवशी आली. शिवार फेरी म्हणजे गावोगावचे शेतकरी ट्रक भरून यायचे, आमचे प्लॉट बघायचे, बियाणं आणि रोपं घेऊन परत जायचे. सकाळपासून आवार टोप्यांनी भरून गेलं होतं. दुपारी मंडपात गॅदरिंग सुरू होणार होतं आणि त्यात फिशपॉन्ड होते. ज्यांनी कधी कॉलेजचं तोंड बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कुणाला तरी मारलेला टोमणा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, खाली सही करायची नाही, आणि तो सगळ्यांसमोर स्टेजवरून वाचायचा. ज्याच्यावर फिशपॉन्ड पडला त्यानं हसायचं. रडला तर तो खिलाडू वृत्तीचा नाही. ही खिलाडू वृत्ती मला जन्मात कळली नाही.

जेवणाच्या वेळी आमच्या बॅचमधला एक जण मला हळूच म्हणाला, "तुझ्या रूममेटवर पडलाय. झकास आहे." हातातला घास ताटातच ठेवला. मी तशीच उठले आणि सूत्रसंचालकाला गाठलं. शेवटच्या वर्षाचा होता, केसांवर पाणी मारून भांग पाडत होता. मी म्हटलं, "काष्टीवरची चिठ्ठी तेवढी वाचू नकोस. हात जोडते."

"अगं, नाव नाहीये त्यात कुणाचं. पिकाचंच आहे सगळं."

"पिकाचं असलं तरी कळतंय ना सगळ्यांना?"

"कळण्यासाठीच तर असतं. गंमत आहे, एवढी काय तापतेस?" असं म्हणून त्यानं कंगवा खिशात टाकला आणि चालता झाला. त्याच्या डोक्यात तोच कंगवा घालावा असं वाटलं मला.

मंडपाकडे धावत गेले तर काष्टी दाराशीच उभी. चेहरा पांढराफटक. "आप्पा आलेत," ती म्हणाली. "चुलता पन आलाय. ट्रक मागच्या मैदानात लावलाय." मी बघितलं तर आप्पा खरंच शेतकऱ्यांच्या घोळक्यात पुढं बसलेले होते. पांढरी टोपी, मांडीवर डाळिंबाची दोन रोपं. चुलता आणि बाकीची मंडळी ट्रकपाशी पोती चढवत होती. ती आप्पांना म्हणाली होती, इथं काही बघण्यासारखं नाही, उशीर होईल, निघा. तर आप्पा म्हणाले, "बघू तर दे तुझं गॅदरिंग काय असतंय ते. घरी गेल्यावर तुझी आई इचारंल."

आम्ही मुलींच्या बाजूला बसलो. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतायला लागली. एकेक फिशपॉन्ड पडत होता आणि पोरं शिट्ट्या मारत होती.  मंडपाच्या चारी बाजूंना कर्णे बांधलेले. एकेक शब्द मागच्या मैदानापर्यंत जात होता, म्हणजे चुलत्याच्या कानापर्यंत.

आणि तो आला. "पुढचा फिशपॉन्ड शास्त्रीय आहे हां! प्रश्न असा, की काष्टीच्या बाजरीला आंतरपीक पारनेरचंच का लागतं?"

मुलांनी नुसता गदारोळ केला. काही जण वळून वळून आमच्याकडे बघायला लागले. पारनेरवाला चौथ्या-पाचव्या रांगेत मान खाली घालून बसला होता. काष्टीनं डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात शेतकऱ्यांच्या घोळक्यातून आप्पा उठले. रोपं शेजारच्याच्या हातात दिली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पारनेरचं कशाला? तूर लावा की, तूर! आमच्या काष्टीत बाजरीत तूरच लावत्यात समदे!"

 मग मंडप असा हसला की वरचं कापड उडून जाईल असं वाटलं. सूत्रसंचालकाला तर घबाडच मिळालं. हे कुणाचे कोण, त्याला काय माहीत? "काका, या या, वर या! आम्हाला तज्ज्ञच पाहिजे होते." आणि आप्पा गेले हो! चपला खाली काढून स्टेजवर चढले. विद्यापीठातली पोरं आपल्याला शेतीतलं विचारतात म्हणून त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"काका, दोघांत अंतर किती ठेवायचं?"

"लई लांब नको, आन लई जवळ बी नको. वारं खेळलं पायजे."

हशा.

"आणि प्रमाण काय घ्यायचं?"

"दोन तास बाजरी, एक तास तूर."

आता तास म्हणजे पेरणीची ओळ, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. पण ज्याला घड्याळच ऐकायचं आहे त्याला काय सांगणार? सूत्रसंचालकानं डोळा मारला. "काका, तुरीला एक तास पुरतो का?"

"न पुरायला काय झालं? एक तास लई झाला!"

पोरं बाकांवर उभी राहिली. कुणी टोप्या उडवल्या. आप्पाही हसायला लागले. आपण काहीतरी फर्मास बोललो असं त्यांना वाटलं असणार. मला इतकं भडभडून आलं की मी तोंडावर ओढणी धरली. काष्टी माझ्या कानाशी म्हणाली, "आता मी उठले तर सगळं संपलं."

"मग उठू नकोस," मी म्हटलं. "त्यांना काही कळलेलं नाही. पाच मिनिटं कळ काढ, संपेल. तू सुटलीस, ऐक माझं."

खरंच सुटली होती ती. नाव कुणाचंच आलं नव्हतं. बापानं उठून सगळं पिकावर नेलं होतं आणि कर्ण्यावर ऐकणाऱ्या चुलत्यालाही त्यात काही वावगं वाटलं नसतं. फक्त खाली बसून राहायचं होतं आणि बापाला हसू द्यायचं होतं. मी पारनेरकडे बघितलं. म्हटलं, हा तरी उठेल, जाऊन माईक हिसकावून घेईल. मान खालीच. त्या दिवसानंतर मी त्याच्याबरोबर चहा प्यायले नाही.

सूत्रसंचालक म्हणाला, "आता शेवटचं सांगा काका, आधी निघतं कोण?"

"बाजरी निघती की आधी. तूर मागं एकलीच उभी ऱ्हाती वावरात."

"अरेरे, बिचारी तूर!" आणि पुन्हा तो हशा.

काष्टीनं माझा हात सोडला. उठली आणि मधल्या वाटेनं सरळ स्टेजकडे चालायला लागली. मी "अगं, अगं" करत मागं धावले. ती वर चढली, एका हातानं माईक बाजूला केला आणि आप्पांच्या कानाशी बोलली. मी पायरीवर होते म्हणून मला ऐकू आलं. "आप्पा, खाली चला. ते पिकाचं इचारत न्हाईत. माझं इचारत्यात."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग मंडपाकडे बघितलं. बाकांवर उभी असलेली पोरं एकेक करून खाली बसत होती. सूत्रसंचालकाचा चेहरा पार उतरला होता. आप्पांनी माईक दोन्ही हातांनी त्याला परत दिला, खाली उतरून चपला घातल्या आणि बाहेरची वाट धरली. ती मागं आणि तिच्या मागं मी. रोपं कुणाला आठवलीच नाहीत.

मंडप ते मैदान वाट लांब नाही, पण ती सरता सरेना.  ती रडत होती, पण आवाज नव्हता. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "पेटी आनू का आप्पा?" आप्पा चालतच राहिले. माझ्या जिभेवर हजार गोष्टी आल्या. काका, तिचं काही चुकलं नाही, नुसतं पाणी दिलं हो त्यानं प्लॉटला. पण आप्पांची पाठ बघून माझं तोंडच उघडेना, आणि माझं तोंड उघडत नाही असं सहसा होत नाही.

ट्रक सुरूच होता. चुलता ट्रकच्या मागच्या फाळक्याला टेकून वाट बघत होता. आम्हाला बघून पुढं आला. "काय दादा, कर्ण्यावर तुझाच आवाज! आन पोरं एवढी का खिदळत हुती? काय भानगड हाय?" मग त्याची नजर तिच्याकडे गेली. "आन ही का रडती?"

वर बसलेले सगळे वाकून बघायला लागले. आख्खं गाव होतं तिथं. काष्टीनं पदर धरावा तशी ओढणी मुठीत धरली. मी देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाचं नाव परीक्षेतसुद्धा घेत नाही.

आप्पा म्हणाले, "भानगड कसली रं? मी म्हनलं दोन तास बाजरी, एक तास तूर. त्यांना वाटलं म्या घड्याळाचंच सांगतोय. आडानी मानसानं माईक धरला का असंच व्हायचं. बापाला हसली पोरं म्हून रडती ती. पोरगीच हाय शेवटी."

चुलता आधी त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग फुटलाच. "घड्याळ लावून पेरतो व्हय तू?" ट्रकमधून कुणीतरी ओरडलं, "आवं, मंग आमच्या वावराला बी टाईम द्या की!" सगळा ट्रक हसत होता, आणि आप्पा टोपी सारखी करत त्यांच्यात मिसळून हसत होते. चाकावर पाय देऊन वर चढताना त्यांनी एकदाच मागं बघितलं. "जा हाटेलवर," ते म्हणाले. हॉस्टेलला ते हाटेलच म्हणायचे. "परीक्षा झाली का ये." खरं काय, खोटं काय, हे त्यांनी तिला विचारलं नाही. नंतरही कधी विचारलं नाही, असं ती सांगते.

ती पदवीधर झाली. निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन तिच्या गावी गेले. एसटीतून उतरून वेशीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला तिच्या वडिलांचं नाव सांगितलं आणि घर विचारलं. त्याला काही उमजेना. शेजारच्यानं समजावलं, "आरं, घड्याळ्याकडं जायचंय त्यांला." मग म्हातारा हसला आणि मला दारापर्यंत सोडायला आला. बाहेरूनच त्यानं हाळी दिली, "घड्याळ्या, हायेस का घरात?"

आणि आतून आप्पा म्हणाले, "हाय की. या."