गळकी पेटी

रूपाली मूळची ब्राह्मणपुरीची. डिप्लोमा झाल्यावर ती नंदुरबारला गिरधरकाकांच्या कारखान्यात लागली. एसीच्या इमारतीतली कोंदट हवा बाहेर टाकताना तिच्यातला गारवा आत येणाऱ्या उन्हाळी हवेला देणाऱ्या पेट्या तिथे जुळवत. दोन्ही हवा पातळ पत्र्यांच्या अल्याड-पल्याड वाहत, पण एकमेकींत मिसळता कामा नयेत. पेटी तपासणं हे रूपालीचं काम. एका बाजूला उदबत्ती धरायची आणि दुसऱ्या बाजूला वास येतो का पाहायचं, ही पहिली युक्ती काकांनीच शिकवली. यंत्रं नंतर आली. वडील गेल्यावर तिला वडिलांसारखे तेच होते.

चैत्रात एक पेटी कोपऱ्यातून गळताना तिला सापडली. काका म्हणाले, मोडीत टाकतो. तिने पुन्हा विचारलंही नाही.

ऐन वैशाखात गजराआत्याला शहाद्याच्या एका नव्या खासगी दवाखान्यात ठेवलं. रूपाली भेटायला गेली, तर आत्या नाकाला पदर लावून बसलेली. वरच्या जाळीतून सारखा संडासातल्या फिनाईलचा वास येतो, म्हणाली. ताज्या हवेच्या जाळीतून तो यायलाच नको होता. रूपालीने स्टूल मागवलं आणि छताचं फळकूट सरकवलं. पेटी तीच. त्याच कोपऱ्यावर चंदेरी पट्टी चिकटवलेली.

डॉक्टरांना बोलावून तिने आपलं नाव आणि काम सांगितलं आणि पेटी दाखवली. ते चकित झाले. ते म्हणाले, “पण ही तुम्हीच तपासून पास केली, असं गिरधरभाऊंनी सांगितलं होतं.”

तिने पेटी बंद करायला लावली, आजाऱ्यांच्या खोल्यांच्या खिडक्या उघडायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ कारखाना गाठला.

काका चहा पीत होते. तिने आवाज चढवला नाही, फक्त कारण विचारलं.

“काका, मन्हं नाव काब्र सांगं?”

काकांनी कप खाली ठेवला. “तुन्हा नाववर लोकेस्ना इस्वास शे, म्हनीसन.”

रागावले असते, खोटं बोलले असते, तर तिला भांडता आलं असतं. ते मात्र अगदी सहजपणे बोलले होते. तिने त्यांना पेटी बदलून द्यायला लावली, नवी पेटी स्वतः तपासली आणि त्यानंतर काकांच्या कारखान्यात गेली नाही.

आता ती धुळ्याला दुसऱ्याकडे तेच काम करते. आपण तपासलेली पेटी गाडीत चढेपर्यंत तिच्यापाशीच उभी राहते. तिथले मालक भले आहेत, एकदा तिला ‘तू मुलीसारखी आहेस’ म्हणाले. तिने त्यांना तसं पुन्हा म्हणू नका, असं सांगितलं.