बगळ्याचं बदक

बायकोच्या मावशीला मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा वाटलं की आपला शेवट जवळ आला. जिन्याच्या पायऱ्या हलत होत्या, भिंतीवरचं विजेचं मीटर थरथरत होतं आणि वरून एक बाई कुणाला तरी दम देत होती, "मेल्या, पुन्हा अडलास? बादलीभर पाणी ओतीन तुझ्यावर." मी पळायला वळलो, तर बायकोने सदरा धरला.

"अहो, घाबरता काय? कॉम्प्युटरशी बोलतेय ती."

मावशी हातमागावर कापड विणायची. नक्षी मात्र कॉम्प्युटरवर काढायची. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एक धागा. बगळ्याच्या नुसत्या मानेसाठी ती आठवडाभर त्या चौकोनांशी भांडायची. मग कॉम्प्युटर मागाला एवढंच सांगायचा, की आता हे धागे उचल. आडव्या धाग्याचा धोटा फेकायचं आणि फणी ओढून प्रत्येक धागा ठोकून बसवायचं काम मावशीच्या दंडांचं. ते दंड पाहिल्यापासून मी बायकोशी आवाज चढवून बोललेलो नाही.

मावशीला आयुष्यात एकच हाव होती. हातविणकरांच्या संघाच्या दालनात आपल्या कापडाला एक भिंत मिळावी. नाहीतर ते बाजारात गिरणीच्या ताग्यांखाली दबायचं. संघाचा अध्यक्ष तिचाच धाकटा भाऊ. त्याला धोटा धरायला हिनेच शिकवलेलं. तो दोन सभासद घेऊन पाहणीला आला. मीही हजर होतो.

"ताई, मागाला वायर आहे."

"तुझ्या डोळ्यांवर चष्मा आहे. मग काय, तुझ्याऐवजी चष्मा बघतो?"

"नियम आहे गं. काम हाताचं पाहिजे. हे आपोआप विणलं जातं."

"आपोआप? बस इथे. मी हात बांधून बसते. संध्याकाळपर्यंत एक धागा जरी वाढला, तर तुझे पाय धरते."

"बटण दाबलं की झालं, आम्हाला काय माहीत नाही का बाई," एक सभासद म्हणाला, आणि दुसरा हसला.

मावशी मागावर बसली. त्यानंतर जे ठोकणं सुरू झालं, ते खरं म्हणजे भावाच्या पाठीवर व्हायचं होतं. ते धाग्यांच्या वाट्याला आलं. नक्षी काढताना तिने आपला रोजचा, शांत हात गृहीत धरला होता. आज प्रत्येक धागा चेपून बसत होता. तासाभराने बघतो तर बगळ्याची मान खांद्यात गेलेली, पाय आखूड, पोट जमिनीला. पडद्यावर बगळा आणि मागावर बदक.

माझ्या तर आनंदाला भरतंच आलं. "बघा, यंत्राने विणलं असतं तर बगळाच आला असता ना? हा हात आहे मावशींचा. रागावलेला, पण हातच."

भावाने वाकून त्या बदकावरून बोट फिरवलं. त्याला कळलं होतं. विणकर होता तो, न कळायला काय झालं? मग चष्मा सारखा करत म्हणाला, "ताई, कामात सफाई नाही."

साफ आलं तर यंत्राचं आणि बिघडलं तर बाईचं. या न्यायाने त्या तिघांना त्याच जिन्यावरून ढकलून द्यायला हवं होतं, आणि पाय मोडले तर म्हणायचं, चालण्यात सफाई नाही. मी आजही चिडतो. मावशीने मात्र उठून कॉम्प्युटर बंद केला, हे मला जास्त लागलं.

भिंत मिळाली नाही. मावशीने माग विकला. आता ती एका गिरणीला कॉम्प्युटरवर बगळे काढून देते.