खाली बघणारा

इथे परदेशात, सिटीवेस्टच्या आमच्या ऑफिसात नागपूरचा एक सहकारी आहे. त्याला पक्षी बघायचा नाद, पण लंचनंतर फिरताना नजर कायम जमिनीवर. मला आधी वाटायचं, याचं काहीतरी हरवलंय. कुंपणाशी गोगलगायीचा फुटका शंख दिसला की तो उकिडवा बसतो.

"हा थ्रश पक्ष्याने दगडावर आपटलाय. मला बघायचीय ती घार फांदीवर बसते, आकड्यासारखी चोच घालून गोगलगाय ओढून काढते, शंख खाली टाकते. दाट जंगलात ती दिसत नाही बे, शंखांचा ढीग दिसतो."

ही घार मेक्सिकोत असते. दोन वर्षांची रजा साठवून तो तिथे जाऊन आला.

"दिसली?" मी विचारलं.

त्याने भोक पडलेला एक शंख माझ्या कीबोर्डशेजारी ठेवला. "ढिगापाशीच उभा होतो. हा बुटाशेजारी पडला, ओला होता. उचलायला वाकलो, तर वर पंख फडफडले."

"मग पाहिलेल्या पक्ष्यांच्या लिस्टमध्ये टाक की."

"पाहिली कुठे?"

त्या दिवशी लंचनंतर तो मान वर करून चालत होता. एक शंख त्याच्या बुटाखाली करकरला, तरी तो थांबला नाही.