संपदाचे सदतीस फॉर्म

संपदा माझ्या नणंदेची पुतणी. नातं तसं लांबचं, पण दिल्लीत एवढं नातं म्हणजे सख्खंच. नाशिकहून एम.फिल. करायला आली आणि मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहिली. हे रिटायर झाल्यावर आम्ही आर.के.पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून गुडगावच्या नव्या सोसायटीत आलो होतो, तेव्हा दर रविवारी दोन बस आणि एक जीप बदलून ती आमच्याकडे जेवायला यायची. पहिली पोळी पानात पडायच्या आत आठवड्याच्या सगळ्या बातम्या सांगून मोकळी व्हायची. लायब्ररीत कोण कोणाशी भांडलं, वर्गाची सहल अलवारला गेली तेव्हा बस कुठे बंद पडली, सरांनी तिच्या लिखाणावर कुठे कुठे लाल शाई ओतली. मला ऐकायला आवडायचं. यांना मात्र पेपर वाचता येत नसे.

तिचा अभ्यास होता नव्या वसाहतींतल्या पाण्याचा. घरोघर जाऊन फॉर्म भरून घ्यायचे, निदान तीस तरी. मार्चपर्यंत ते झालं नाही तर सर प्रकरण पुढे पाठवणार नव्हते आणि तिची दोन वर्षं फुकट जाणार होती. तिने आमच्याच सोसायटीत सुरुवात केली. पहिल्या तीन रविवारी तिला मिळाले दोन फॉर्म, त्यातला एक माझा! खांद्याला पिशवी अडकवलेली मुलगी दारात दिसली की बायका ‘‘फिल्टर नहीं चाहिए’’ म्हणून दार लावून घ्यायच्या. त्या वर्षी गुडगावात फिल्टर विकणाऱ्या मुलींचा सुळसुळाट झाला होता, त्यांचाही दोष नाही.

मग मला युक्ती सुचली. १९९८ ची संक्रांत जवळ आली होती. मी संक्रांतीनंतरच्या रविवारी सगळ्या सोसायटीला हळदीकुंकवाला बोलावलं. पंजाबी, बंगाली, मद्रासी, सगळ्या. म्हटलं, बायका आयत्या घरात येतील, तिळगूळ खातील, मग संपदाने एकेकीला कोपऱ्यात घेऊन विचारावं.

बेत माझा होता, तेव्हा घोटाळाही माझाच. मी वाणाला चहाची गाळणी आणली होती. ज्या टेबलावर गाळणी मांडली, त्याच टेबलावर मी फॉर्मचा गठ्ठाही ठेवला. समोरच्या फ्लॅटमधल्या मिसेस भल्ला पहिल्या आल्या. हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, गाळणी घेतली आणि फॉर्मकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘ये भी भरना होता है?’’ माझ्या हातात कुंकवाचा करंडा, दारात आणखी चार जणी. मी म्हटलं, ‘‘हां हां, ये भी.’’

झालं! मिसेस भल्लांनी पुढच्या प्रत्येकीला समजावून सांगितलं की मराठी लोकांत संक्रांतीला असा एक कागद भरतात. बायकांनी चपला बाहेर काढल्या होत्याच. त्या सतरंजीवर मांडी घालून, डोक्यावर पदर-दुपट्टा घेऊन भक्तिभावाने लिहू लागल्या. मिसेस घोषनी तर भरलेला कागद कपाळाला लावून देवासमोर ठेवला.

संपदा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, देवासमोरचा कागद तिने उचलला आणि तिचा चेहरा पडला. पाणी किती वेळ येतं? सब ठीक है. चव कशी आहे? बहुत अच्छी. काही तक्रार? भगवान की कृपा है. सगळ्यांचं तेच. सणासुदीच्या कागदावर अभद्र कोण लिहील?

मी म्हटलं, ‘‘अगं, असू दे. भरले ना? मग झालं तर.’’

‘‘मामी, प्लीज! हे खोटं आहे,’’ असं म्हणून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. हिंदीत सगळ्यांना सांगून टाकलं की हा कागद देवाचा नाही, तिच्या अभ्यासाचा आहे, नाव कुणाला कळणार नाही आणि ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल परत घ्यावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मिसेस भल्ला म्हणाल्या, ‘‘अच्छा? पहले बताती ना, यार! फिर मैं ‘सब ठीक’ काट दूँ?’’

आणि सगळ्या खाडाखोड करू लागल्या. कुणाकडे पाणी वीस मिनिटं, कुणाकडे दिवसाआड, कुणाच्या नळाला इतकं खारं की डाळ शिजत नाही. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्याच घरी आहे. बिल्डरच्या ऑफिसातला मॅनेजर प्रत्येकीला हेच सांगायचा, की बाकी कुणाची तक्रार नाही, तुमच्याच फ्लॅटचं नशीब. एवढ्या हौसेने घेतलेल्या घराचं रडगाणं शेजारणीपाशी कोण गाणार? मीही गायले नव्हते. त्या दिवशी खाडाखोड केलेले, हळदीच्या बोटांचे सदतीस फॉर्म जमले.

मिसेस भल्लांनी गठ्ठा हातात घेतला. ‘‘ये मैं कल मॅनेजर की टेबल पर रखूँगी.’’

ते फॉर्म शुक्रवारी सरांना दाखवायचे होते. संपदा गठ्ठ्याकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, ‘‘नाम आप लोगों के हैं. सब हाँ बोलें तो ले जाइए.’’ सगळ्या हो म्हणाल्या. मी तिला नंतर खूप बोलले. निदान झेरॉक्स तरी काढायची! पण रविवारी दुपारी गुडगावातली दोन्ही दुकानं बंद होती आणि भल्लाबाईंना दम धरवत नव्हता.

सोमवारी सदतीस बायका ऑफिसात घुसल्या. आठवड्याच्या आत सकाळ-संध्याकाळ पाणी येऊ लागलं. फॉर्म मात्र मॅनेजरने ‘वर पाठवले’ आणि ते तिथेच राहिले. सरांनी संपदाला पंधरा दिवसांची मुदत दिली, एवढं तिने बूथवरून फोन करून कळवलं. पुन्हा त्याच दारांवर कुठल्या तोंडाने जाऊ, असं म्हणून ती पुढच्या रविवारी आलीच नाही. तिच्याकडे फोन नव्हता. पोळ्या उरल्या, आणि यांनी पेपर दोनदा वाचून तो कंटाळून खाली ठेवला.

मी भल्लांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘वो नहीं आती तो हम चलते हैं.’’ गुरुवारी दोन मारुती व्हॅन भरून आम्ही अकरा जणी मुनिरक्यात उतरलो. गाड्या गल्लीच्या तोंडाशीच अडकल्या. जिना इतका अरुंद की एकीमागे एक चढावं लागलं. संपदाने दार उघडलं आणि रडायलाच लागली. मग खाटेवर, उंबऱ्यावर, पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी नवे फॉर्म भरले. आता पाणी येतं म्हणून छान छान लिहायचं नाही, संक्रांतीला होतं तेच लिहा, अशी तिने सक्त ताकीद दिली. राहिलेल्या जणींनी रविवारी माझ्याकडे येऊन भरून द्यायचं ठरलं. संपदाची कळी खुलली आणि तिने सरांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

मिसेस भल्लांना पाणी हवं होतं. खोलीत नळ दिसेना. कोपऱ्यात दोन बादल्या आणि एक कळशी झाकून ठेवलेली. त्यांनी पेला भरून घेतला, प्यायल्या आणि एक कोरा फॉर्म ओढला.

‘‘नाम?’’

‘‘किसका, आंटी?’’

‘‘तेरा. पानी कितनी देर आता है?’’

‘‘माझं कशाला... मेरा घर इस सर्वे में नहीं आता.’’

‘‘लिखवा.’’

इतकी बोलकी मुलगी, पण ती कळशीवरचं झाकण नीट करू लागली. मग खाली बघत म्हणाली, ‘‘सुबह पाँच से छह. नीचे के नल पर. कभी कभी नहीं आता.’’

‘‘ऊपर कौन लाता है?’’

‘‘मैं.’’

भल्लांनी ते मोठ्या अक्षरात लिहिलं आणि फॉर्म साक्षीदाराच्या सहीला माझ्याकडे दिला. मी सही केली, पण मान वर करवेना. दोन वर्षं ही पोर माझ्याकडे जेवत होती, सगळ्या बातम्या सांगत होती, आणि एवढं साधं मी तिला कधी विचारलं नव्हतं.